वजन कमी करताय? मग सामान भरतानाच डोकं लावा: पोट भरेल आणि कॅलरी कमी राहतील अशी खरेदी

डाएट करणारे बहुतेक लोक सगळं लक्ष ताटावर ठेवतात, किती वाढलं, किती खाल्लं, पण खरं सांगायचं तर निम्मा निकाल त्याच्या आधीच, दुकानात सामान भरतानाच लागलेला असतो. कारण रात्री उशिरा भूक लागली की माणूस घरात जे असेल तेच खातो, चिप्स असतील तर चिप्स खाणार आणि नसतील तर निमूटपणे सफरचंद नाहीतर उकडलेलं अंडं खाणार. दुकानात अर्धा तास मन आवरणं जमतं हो, कपाटात बिस्किटांचा डबा ठेवून आठवडाभर आवरणं भल्याभल्यांना जमत नाही.

आता मुद्दा असा की पोटाला कॅलरी मोजता येत नाहीत. जठर ताणलं गेलं, त्यात बऱ्यापैकी वजनाचं काहीतरी गेलं, चावायला वेळ लागला, प्रोटीन मिळालं, फायबर मिळालं, की भरल्यासारखं वाटतं. आणि कॅलरी कुठनं येतात? १ ग्रॅम फॅटमध्ये ९, १ ग्रॅम कार्ब्स किंवा प्रोटीनमध्ये ४, फायबरमध्ये साधारण २ आणि पाण्यात शून्य. म्हणजे ज्या पदार्थात पाणी आणि फायबर जास्त, फॅट कमी, तो भरपूर खाल्ला तरी हिशोब बिघडत नाही. २०० कॅलरी घ्या उदाहरणाला: काकडी खायची तर सव्वा किलोच्या वर खावी लागेल, कोबी ८०० ग्रॅम, उकडलेला बटाटा साधारण २३० ग्रॅम, शेंगदाणे ३५ ग्रॅम म्हणजे एक मूठ, आणि तेल फक्त २२-२३ ग्रॅम, जे भाजीत कुठं गेलं ते कळतसुद्धा नाही.

म्हणून पाकीट हातात घेतलं की पुढची चित्रं आणि मोठ्या अक्षरातले दावे सोडा, उलटं करा आणि एकच आकडा शोधा: १०० ग्रॅममध्ये किती कॅलरी. प्रति सर्व्हिंगचा, म्हणजे एका वेळच्या भागाचा, आकडा बघू नका, त्यात गंमत असते, सर्व्हिंग किती मोठी ते कंपनी आपल्या सोयीनं धरते, मग "फक्त १३०" दिसतं आणि पाकिटात तीन सर्व्हिंग असतात जे आपण एका बैठकीत संपवतो. काही ठिकाणी फक्त सर्व्हिंगचाच आकडा छापतात, तिथं कॅलरी भागिले सर्व्हिंगचे ग्रॅम गुणिले १०० करायचं, मोबाईलवर दहा सेकंदाचं काम. मी ढोबळमानानं असं धरतो की ६० च्या आतलं बिनधास्त घ्या, ६० ते १५० म्हणजे रोजचं मुख्य जेवण, १५० ते ३०० असेल तर बघून, आणि ३०० च्या पुढचं घ्यायचंच असेल तर घरी काट्यावर किंवा चमच्यानं मोजून खायचं.

पण थांबा, इथं एक मोठी मेख आहे आणि बरेच जण तिथंच फसतात. कोरड्या धान्याचा आकडा बघून घाबरू नका. ओट्सच्या पाकिटावर ३८०-३९० लिहिलेलं असतं, तांदळावर ३६० च्या आसपास, मसुरावर ३५०, पण हे कोरडं वजन आहे, ते असं कोरडं कोण खातं? पाण्यात शिजलं की भात १३० वर येतो, मसूर ११५ च्या आसपास, आणि पाण्यात शिजवलेले ओट्स तर ७० वर. पाणी शोषून वजन जवळपास तिप्पट होतं, ओट्सचं तर पाचपट, कॅलरी तेवढ्याच राहतात. उलट टोस्ट, क्रॅकर्स, बिस्किटं, ग्रॅनोला (भाजलेल्या गोड ओट्सचं मिश्रण) हे कोरडंच खाल्लं जातं, त्यामुळं तिथं ४००-४५० म्हणजे खरोखर तेवढेच. "डायजेस्टिव्ह" लिहिलंय, "ओट्सची" आहेत म्हणून हलकी झाली असं काही नसतं. सुकामेव्यातपण हेच, द्राक्षं १०० ग्रॅमला ७० आणि मनुका ३०० कारण मधलं पाणीच गेलं. म्हणजे प्रश्न दोन विचारायचे, आकडा किती, आणि हे मी पाण्यात शिजवून खाणार का असंच तोंडात टाकणार.

आता ट्रॉली कशी भरायची ते बघू. (उपाशीपोटी जाऊ नका हे सगळ्यांनीच सांगितलंय, बरोबरच आहे, पुढं चला.)

पहिला हल्ला भाजीवर, आणि हात आखडता घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सांगते, म्हणजे आठवड्याचे एका माणसामागं पावणेतीन किलो तर नुसते किमान झाले, वजन कमी करायचंय तर त्याच्या वर जायला हरकत नाही. लोक काय करतात, दोन काकड्या आणि एक टोमॅटो घेतात आणि म्हणतात सॅलड खाऊनपण भूक लागते, लागणारच की. कोबी, फ्लॉवर, पालक, मशरूम, टोमॅटो, काकडी, दुधी भोपळा हे सगळं १०० ग्रॅमला ३० च्या आत. गाजर ४० च्या आसपास, तेपण घ्या. थोडं कच्चं खायला, जास्त शिजवायला, कारण शिजवलं की भाजी बसते आणि भरपूर खाता येते. फ्रोझन भाज्यांना नावं ठेवू नका, तोडल्यावर लगेच गोठवतात त्यामुळं फ्रिजमध्ये आठवडाभर कोमेजलेल्या भाजीपेक्षा त्या कमी नसतात, फक्त बटर किंवा सॉसवाल्या घ्यायच्या नाहीत, साध्या घ्या. ज्या दिवशी चिरायचा कंटाळा येतो त्या दिवशी त्याच वाचवतात.

बटाट्याबद्दल जरा जास्त बोलतो कारण त्याच्यावर फार अन्याय झालाय. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात ३८ पदार्थांची तुलना झाली होती, प्रत्येकाचा २४० कॅलरीचा भाग खायला द्यायचा आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतंय ते विचारायचं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं होतं, त्यात उकडलेला बटाटा ३२३ वर, सगळ्यात वर, आणि क्रोसाँ (लोणी घातलेला फ्रेंच पाव) ४७ वर, सगळ्यात खाली. म्हणजे बदनाम झालेला बटाटाच पहिला आला, बिघडतं ते तळण्यात. १०० ग्रॅम उकडलेला बटाटा ८७ कॅलरी, तोच चिप्स झाला की ५३० च्या पुढं, पाणी गेलं आणि त्या जागी तेल आलं. तेव्हा बटाटे घ्या, उकडा, सालासकट भाजा, फक्त कढईत पोहायला सोडू नका.

मग प्रोटीन. इथं एक सोपा हिशोब आहे: प्रोटीनचे ग्रॅम गुणिले १०, आणि ते कॅलरीच्या बरोबर किंवा जास्त आले तर तो पदार्थ खरोखर प्रोटीनचा. चिकन ब्रेस्ट शिजवलेलं १६५ कॅलरी आणि ३१ ग्रॅम, पास. बिनफॅटचं घट्ट ग्रीक दही ६० कॅलरी, १० ग्रॅम, मस्त पास. पाण्यातली डबाबंद ट्यूना मासळी पास, तेलातली घेतली तर कॅलरी बऱ्याच वाढतात. अंडं एक घेतलं तर ७०-७५ कॅलरी आणि ६ ग्रॅम, थोडक्यात हुकतं पण मी त्याला पास करतो, इतकं सोयीचं दुसरं काय आहे? मसूर, हरभरे, राजमापण या हिशोबात कमी पडतात, पण त्यांच्यात फायबर दणकून असतं, शिजलेल्या १०० ग्रॅम मसुरात ९ ग्रॅम प्रोटीन आणि ८ ग्रॅम फायबर, पोट तासन् तास शांत. डबाबंद कडधान्यं आणलीत तर चाळणीत ओतून नळाखाली धुवा, बरंचसं मीठ निघून जातं. आणि पीनट बटर बघा, ५९० कॅलरी आणि २५ ग्रॅम, सपशेल नापास. वाईट नाही ते, चवीला तर फारच छान, पण "प्रोटीन" म्हणून विकलं जातं आणि आत मुख्यतः फॅट आहे. प्रोटीन बारपण उलटून हाच हिशोब लावून बघा, निम्मे तिथंच गळतात.

दह्याच्या फ्रिजसमोर एक मिनिट उभं राहू. एका हातात साधं लो-फॅट दही, दुसऱ्या हातात त्याच कंपनीचं स्ट्रॉबेरीवालं, दोन्हीवर "लो-फॅट" लिहिलेलं. उलटं करा. साध्याची साखर १०० ग्रॅमला ५-६ च्या आसपास दिसेल, ती दुधाची स्वतःची, कुणी घातलेली नाही. स्ट्रॉबेरीवाल्यात १२-१३ दिसली तर वरची सगळी बहुतेक घातलेली, आणि घटकांच्या यादीत बघा, यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, दुधानंतर दुसऱ्याच नंबरला साखर आणि स्ट्रॉबेरी कुठंतरी खाली. साधं घ्या आणि घरी खऱ्या स्ट्रॉबेरी कापून घाला, १०० ग्रॅमला ३२ कॅलरीच आहेत. हीच तपासणी सॉस, सूपची पाकिटं, ब्रेड सगळीकडं चालते, "मल्टीग्रेन" ब्रेडमध्ये पहिला घटक मैदा असेल तर तो मैद्याचाच ब्रेड, आणि "शुगर फ्री" बिस्किटात साखर नसली तरी मैदा आणि तूप-तेल आहेच.

फळं अख्खी घ्यायची, ज्यूस नाही. २००९ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात जेवणाआधी लोकांना एकाच कॅलरीचं सफरचंद वेगवेगळ्या रूपात दिलं, अख्खं, गर करून आणि ज्यूस, तर अख्खं खाल्लेल्यांनी नंतर एकूण १५ टक्के कमी खाल्लं आणि ज्यूसवाल्यांना तसा काही उपयोग झाला नाही. चावणं लागतं पोटाला. पाण्याचंही तसंच आहे, जेवताना ग्लासभर पाणी प्यायलात तर भूक फार हटत नाही, तेच पाणी सूप म्हणून पदार्थात असेल तर हटते, म्हणून सूपचं सामान, टोमॅटो, गाजर, मसूर, लसूण, कायम घरात असू द्या. ज्यूस, कोल्ड्रिंक, गोड कॉफीच्या बाटल्या यांच्या रांगेत शिरूच नका.

रेडीमेड पाकीटबंद गोष्टींबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड (कारखान्यात खूप प्रक्रिया केलेलं) आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, फॅट, फायबर सारखंच होतं, तरी प्रोसेस्डवाल्या आठवड्यांत माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि भरभर खात होती. २०१९ मध्ये ते छापून आलं. तेव्हा "हेल्दी" रेडी-टू-ईटनं ट्रॉली भरून आणणं म्हणजे घरी येऊन पुन्हा स्वतःशी भांडणं.

तेलाशिवाय जेवण होत नाही आणि करूपण नये, पण एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी हे डोक्यात पक्कं बसवा. चीज १०० ग्रॅमला ४००, मेयॉनीज ६८०. चवीसाठी त्याऐवजी लिंबू, व्हिनेगर, मोहरीचा सॉस, सोया सॉस, लसूण, मिरी, मसाले हे भरपूर आणा, यांच्या कॅलरी मोजायची गरजच पडत नाही, आणि डाएट सुटतं ते भुकेपेक्षा बेचव खाण्यामुळं जास्त असं माझं मत आहे. गोडाचं काय? आणा की, पण फॅमिली पॅक नको, एकेकटं छोटं पाकीट, आणि यादीत आधी लिहिलेलं. चघळायला काही हवं असेल तर बटर नसलेले पॉपकॉर्न, आकडा १०० ग्रॅमला ३९० दिसतो पण एक कप लाह्यांचं वजन ८ ग्रॅम, म्हणजे ३० कॅलरी, सगळी हवाच.

असं सामान आणलं तर एक जेवण कसं बसतं बघा: २०० ग्रॅम उकडलेला बटाटा १७५, २०० ग्रॅम शिजलेला मसूर २३०, २५० ग्रॅम कोबी-गाजर ७५, एक छोटा चमचा तेल ४०, एकूण ५२० कॅलरी आणि ताटात साडेसहाशे ग्रॅम अन्न, संपवताना दमाल. चिप्सचं १०० ग्रॅमचं पाकीट तेवढ्याच कॅलरीचं आणि टीव्ही बघता बघता गायब होतं.

एवढं मात्र बघा, सवय नसताना एकदम कडधान्यं आणि कोबीवर तुटून पडलात तर पोट फुगेल, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा आणि पाणी प्या. शुगरची औषधं चालू असतील, किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, तर आधी डॉक्टरांशी बोला.

घरी आल्यावर पिशव्या तशाच ओट्यावर टाकून बसू नका. गाजर-काकडी धुवून, कापून डब्यात आणि डबा फ्रिजमध्ये डोळ्यासमोर, वरच्या कप्प्यात. मसूर-हरभरे एकदम शिजवून एका वेळेला लागतात तेवढे भाग करून फ्रीझरमध्ये, अंडी पाच-सहा उकडून ठेवा. शेंगदाणे-बदाम मोठ्या बरणीत ओतायचे नाहीत, काट्यावर ३०-३० ग्रॅम मोजून छोट्या पुड्या बांधायच्या आणि त्या हात सहज पोचणार नाही अशा फळीवर, आणि तेलाच्या बाटलीशेजारी मोजायचा चमचा, म्हणजे थेट कढईत ओतायची सवय आपोआप सुटेल.