बायकोसाठी रिव्हॉल्व्हर घेताय? या चुका टाळा

पहिली चूक कागदावरचीच. तुमच्या लायसन्सवरचं हत्यार बायकोला वापरता येत नाही, तिचं वेगळं लायसन्स लागतं, गोव्यात ते कलेक्टर ऑफिसातून मिळतं. सत्तरी तालुक्यात कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत घर आहे, रानडुकरांसाठी नवऱ्याची बंदूक आहेच, मग वेळ आली तर बायको तीच चालवेल असं बरेचजण धरून चालतात, ते चुकीचं आहे.

आणि रिव्हॉल्व्हर तिलाच निवडू द्या ना! "बायकांना हलकंच बरं" म्हणून नवरे २०१४ साली कानपूरला आलेलं निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर बघतात, पॉइंट ३२ बोअर, वजन साधारण ५०० ग्रॅम, पर्समध्ये ठेवायला छान, पण हत्यार जितकं हलकं तितका धक्का हातात जास्त बसतो, आणि पहिल्याच दिवशी मनगट दुखलं की ती परत हात लावणार नाही. २०२३ चं प्रबल रिव्हॉल्व्हर त्याहून जड आहे, दोन्ही तिच्या हातात देऊन बघा. रिकामं आहे याची दोघांनी खात्री करायची, मग मूठ पूर्ण हातात येते का, बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का, हॅमर (मागचा घोडा) मागे न ओढता नुसता ट्रिगर दाबताना नळी हलते का, आणि सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, तिचा तिला उघडता येतो का, एवढं बघा.

शिकवायचं काम मात्र शूटिंग रेंजवरच्या कोचला द्या, खरंच सांगतो. नवरा मागे उभा राहून "अगं असं नाही, तसं" करत राहिला की तिचं लक्ष टार्गेटवर राहतच नाही. उजव्या हाताने मारताना गोळ्या सारख्या डावीकडे खाली जात असतील तर बहुतेक वेळा ती आवाजाच्या भीतीने ट्रिगर झटक्यात ओढतेय. कोचला सांगून सिलिंडरमध्ये मधे मधे डमी (न उडणारी) काडतुसं घाला, कुठलं खरं ते तिला सांगू नका, डमीवर नळी खाली दचकली की चूक तिची तिलाच दिसते. दोन्ही हातांची बोटं सिलिंडरच्या पुढे कधीच नकोत, तिथल्या फटीतून गरम गॅस बाहेर येतो आणि भाजतं.

गोळी सुटलीच नाही तर लगेच सिलिंडर उघडू नका, नळी टार्गेटकडेच धरून तीसेक सेकंद थांबा. फुसका आवाज आला तर तिथेच थांबायचं, पुढची गोळी अजिबात मारायची नाही, आधीची नळीत अडकलेली असू शकते. आपल्याकडच्या पावसात चामड्याच्या कव्हरात रिव्हॉल्व्हर ठेवलं तर गंज चढतो, पुसून, तेलाचा हात देऊन कुलपात ठेवा, चावी मुलांच्या हाती लागता कामा नये.