अंगारा कपाळाला, गोळी पोटात

आमच्या आत्याला बारा वर्षांची शुगर. बेळगावकडच्या खानापूरजवळच्या एका देवर्षानं सांगितलं, "गोळ्या बंद कर, यल्लम्मा बघून घेईल." तिनं केल्या बंद. तळपायाला जखम झाली तर त्यावर भंडारा दाबला.

मी आधी भांडलो. ती चूक करू नका. देवर्षाला खोटा म्हटलं की आपलं माणूस त्याची बाजू घेतं आणि पुढचं आपल्यापासून लपवतं. मग मी तिला घेऊन यल्लम्माच्या सौंदत्तीला गेलो, ओटी भरली. परतीच्या एसटीत हळूच विचारलं, "आत्या, देवीनं गोळी नको म्हटलं की त्या माणसानं?" ती गप्प बसली. तेवढं पुरे होतं.

आता गोळ्यांचा डबा देवघरात असतो. दिवा लावला, जेवण झालं, की गोळी. अंगारा कपाळाला चालतो, जखमेवर नाही. साखर घरीच मोजतो आणि आकडा तिलाच वाचायला लावतो. माझ्या बोलण्यापेक्षा तिला तो पटतो. रोज रात्री तळपाय बघायचे, कारण शुगरमध्ये नसा बधिर होतात, दुखत नाही.

बोट काळं पडलं, ताप आला, तर मात्र समजूत काढत बसू नका. थेट दवाखाना. साप किंवा कुत्रं चावलं तरी तेच: १०८ लावा. साप-कुत्रं चावल्यावर उपचार अडवून मंत्र-गंडा करणं हा कर्नाटकाच्या २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आत्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. देवर्षाला सांगितलंय.