'इतिहासाच्या पुस्तकातून धडा काढला' असा मेसेज आला तर तपासायचं कसं

सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज आला की आधी विचारा: पुस्तक कुणाचं? पुण्यात कोथरूडच्या एकाच इमारतीत एक मूल राज्याच्या बालभारतीचं वाचतं, शेजारचं केंद्राच्या एनसीईआरटीचं. एनसीईआरटीने दिल्लीत केलेल्या बदलाबद्दल सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीत निवेदन देऊन काही हाती लागत नाही.

मग इयत्ता, विषय आणि माध्यम. २०२० मध्ये 'सुखदेव यांच्या जागी कुर्बान हुसेन यांचं नाव घातलं' म्हणून गदारोळ झाला. पुस्तक होतं आठवीच्या मराठीचं, इतिहासाचं नव्हे. कुर्बान हुसेन हेही कुणी ऐरेगैरे नव्हेत. सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी ते एक, १२ जानेवारी १९३१ ला इथेच येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले. सुखदेव यांचं नाव का नाही, ही तक्रार वेगळी आणि दुसऱ्याचं नाव का आहे, ही वेगळी. दोन्ही एकत्र केल्या की उत्तर देणारा सोपी तेवढी निवडतो.

आता पुस्तक उघडा. बालभारतीची पीडीएफ त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. सुरुवातीच्या पानांत प्रथमावृत्तीचं आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष असतं, विषय समितीची नावंही असतात. पुनर्मुद्रण म्हणजे नवी आवृत्ती नव्हे. मजकूर बहुधा तोच राहतो, पण 'बहुधा'वर विसंबू नका, दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचा. जुनी प्रत अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शोधावी. नुसत्या पान क्रमांकावरून जुळवायला जाल तर फसाल. २०२३-२४ पासून काही काळ दुसरी ते आठवीची पुस्तकं चार भागांत, मध्ये कोरी पानं घालून निघाली, त्यामुळे क्रमांक सरकले. धड्याचं नाव आणि उपशीर्षक धरून शोधा. चौकटी, चित्राखालच्या ओळी, नकाशे आणि स्वाध्यायही वाचा. २०२५ मध्ये एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकावर वाद पेटला तो एका नकाशावरून. त्यात जैसलमेर मराठा साम्राज्यात दाखवलं होतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो 'काढला' आणि 'हलवला' यांत. बारावीच्या पुस्तकातलं मुघल दरबारावरचं प्रकरण एनसीईआरटीने खरोखरच वगळलं. २०२३ मध्ये त्याची बातमी झाली तेव्हा सातवीतला मुघलांवरचा धडा मात्र, थोडी कात्री लागूनही, जागेवर होता. २०२५ ला सातवीच्या नव्या पुस्तकात मुघल दिसेनात, तेव्हा 'कायमचे हद्दपार' अशी ओरड झाली. काही महिन्यांनी आठवीचं नवं पुस्तक आलं, त्यात ते होते. म्हणून मागची आणि पुढची इयत्ता पाहिल्याशिवाय मत देऊ नये. 'हलवला' म्हणजे प्रश्न मिटला, असंही नाही. नव्या जागी किती पानं आहेत आणि सूर कसा आहे, हे बघायचं राहतंच.

बदल खरा निघाला तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. बालभारतीसाठी राज्याचे नियम लागू: एकच विषय, साधारण १५० शब्दांच्या आत, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. एनसीईआरटी केंद्राची, तिथे हा स्टॅम्प चालत नाही. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा किंवा ऑनलाइन भरा. 'औरंगजेबाची पानं का कमी केली?' असं विचारू नका. कागदावर नोंद नसलेली कारणं द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. त्याऐवजी पुस्तकाचं नाव, इयत्ता आणि वर्ष देऊन विषय समितीच्या बैठकांची इतिवृत्तं आणि दुरुस्तीबाबतचा पत्रव्यवहार यांच्या प्रती मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा. सोबत मूळ अर्जाची प्रत आणि पोच जोडा. पोच नसेल तर अर्ज मिळालाच नाही, असं ऐकून घ्यावं लागतं.