जाळीसाठी वेल निवडताना
जाळी लवकर झाकायची असेल, तर फुलांच्या रंगाआधी वेल वर कशी चढते हे पाहावे. कृष्णकमळाचे तणावे (आधाराला गुंडाळणारे दोऱ्यासारखे तंतू) बारीक तारेला किंवा सुतळीला चटकन वेटोळे घालतात, पण रुंद लाकडी पट्टी त्यांच्या पकडीत येत नाही. गोकर्णीचे मात्र खोडच आधाराभोवती पिळत जाते, आणि बी रात्रभर भिजवून पेरल्यास ती एका हंगामातच बऱ्यापैकी आडोसा करते. मधुमालती झपाट्याने वाढते खरी, परंतु तिचे खोड पुढे लाकडासारखे जाड होऊन हलकी जाळी वाकवते, म्हणून तिला भक्कम चौकटच हवी. बोगनवेल स्वतःहून वेढे घेत नाही, बांधावी लागते. रोप लहान असतानाच शेंडा खुडावा, नाहीतर पाने वर जातात आणि जाळीचा खालचा भाग उघडाच राहतो.