जगबुडीचं फॅनफिक लिहिताय? या चुका टाळा

फॅनफिक म्हणजे आवडत्या कथेतली पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली नवी गोष्ट. ती वाचणारा येतो तो त्याच्या लाडक्या पात्रासाठी. आणि आपण पहिली चार पानं विषाणूवर घालवतो: कुठून आला, कसा पसरला, सरकार कसं कोसळलं. मीही केलंय हे. त्या चार पानांत माझा नायक नुसता टीव्ही बघत बसला होता.

त्याहून मोठी चूक म्हणजे पात्रच बदलून टाकणं. मूळ कथेत मुंगीलाही न दुखावणारा माणूस इथे पहिल्याच प्रकरणात बंदूक रोखून उभा. का? तर जग संपलंय! एवढं कारण पुरत नाही. तो मुळात हिशेबी असेल तर इथेही हिशेबीच राहू द्या. कोणी किती घागरी नेल्या ते भिंतीवर कोळशाने लिहील. मग एका रात्री स्वतःची एक घागर लिहायची टाळेल. त्याचं बिघडणं तिथून सुरू करा.

पाण्यावरून आठवलं. बेळगावात जगबुडी आणणारे बहुतेक जण नळ मात्र चालू ठेवतात. अहो, राकसकोप धरणाचं पाणी पंपाने शहरात येतं. वीज गेली की नळ गेला, मग उरल्या विहिरी. टिळकवाडीची काँग्रेस विहीर १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली. तिच्यावर रांग लावा आणि रांगेत तुमचं पात्र उभं करा. जुना दोर कुजलाय, प्लास्टिकची दोरी तळहात कापतेय, आणि मागून मावशी ओरडतेय, "ओढ की गं लवकर, दिवस मावळला!" पडक्या इमारतींची दहा वर्णनं यापुढे फिकी.

ही भांडणं मराठीत सुरू होऊन कन्नडात मिटतील, किंवा उलट. सगळ्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातलीत तर गाव आपलं वाटणार नाही. सरकारच उरलं नाही तरी विहिरीवरचा फलक कुठल्या भाषेत, यावरून वाद होईल का? माझ्या मते होणारच.

पेट्रोलचंही तसंच. साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत, फार तर वर्षभरात खराब होतं. तरी नायक पाच वर्षांनी बुलेटला किक मारून निपाणीहून गोव्याला निघतो. चोर्ला घाटातला रस्ता डागडुजीशिवाय पाच पावसाळे टिकेल? आत्ताच टिकत नाही, ते सोडा.

कथा तिसऱ्या प्रकरणात अडकली असेल तर बहुधा पात्राला काही कामच उरलेलं नसतं. त्याला मीठ आणायला पाठवा. ऊस, ज्वारी, तंबाखू इकडे पिकेल. मीठ मात्र समुद्राकडूनच यायचं, म्हणजे घाट उतरणं आलं. बैलगाडी कोणाची, बदल्यात काय द्यायचं, परत कोण येणार नाही? प्रकरणं आपोआप सुटतात.

कोणी मरणार असेल तर टॅगमध्ये, म्हणजे कथेच्या वर दिलेल्या खुणेच्या शब्दांत, आधीच लिहा. धक्का कमी होतो म्हणून लपवणारे असतात. मला ते पटत नाही.

आणि 'पुढचा भाग रविवारी' असं वचन देऊ नका. माझा एक नायक मिठाचं पोतं खांद्यावर घेऊन दोन वर्षं घाटात उभा आहे.