पत्त्यांची जादू शिकताना: आधी पुस्तक, मग व्हिडिओ

पत्त्यांची जादू शिकावीशी वाटली की आज कुणीही आधी मोबाईलच उघडतो. साहजिक आहे. व्हिडिओ फुकट असतात, हात चालताना दिसतात, आणि कोल्हापुरात समोर बसवून हे शिकवणारा माणूस सहजासहजी सापडत नाही. तरीही कॉलेजातली पोरं मला विचारतात, सुरुवात कशाने करू, तेव्हा मी पुस्तकाचंच नाव सांगतो. व्हिडिओला माझा विरोध नाही. मी दोन्हींतून शिकलो आणि अजून शिकतो आहे. पण सुरुवातीच्या काळात दोन्हींची कामं वेगळी आहेत.

मुख्य प्रश्न आहे क्रमाचा. आज काय शिकायचं आणि त्यानंतर काय, हे कोण ठरवतं? व्हिडिओ बघणाऱ्याच्या बाबतीत ते मोबाईलचा पडदा ठरवतो. जे जास्त चमकदार, ते आधी समोर येतं. आज हातातल्या पत्त्याचा रंग बदलताना दिसला म्हणून तो प्रयत्न, उद्या चार एक्के एकत्र येताना दिसले म्हणून तो. काही महिन्यांनी अशा मुलाला दहा जादूंची गुपितं माहीत असतात, पण त्यातली एकही समोरच्याला निवांतपणे करून दाखवता येत नाही. कारण त्या प्रत्येक जादूखाली जे दोन-तीन पायाभूत ‘हात’, म्हणजे हातचलाखीच्या क्रिया, असतात ते त्याच्याकडून कुणी घोटवूनच घेतलेले नसतात.

नवशिक्यासाठी मी सुचवतो ते पुस्तक म्हणजे ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. जीन ह्यूगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउए या दोघांनी ते 1940 च्या दशकाच्या शेवटी लिहिलं. या पुस्तकाची रचनाच त्याची खरी ताकद आहे. पहिलं प्रकरण ओव्हरहँड शफलचं, म्हणजे साध्या पिसण्याचं. पिसता पिसता वरचा पत्ता वरच कसा ठेवायचा, तळाचा तळाशीच कसा ठेवायचा, हे आधी शिकवतात आणि लगेच तेवढ्याच कौशल्यावर चालणाऱ्या जादू देतात. पुढच्या प्रकरणात नवा हात, त्यावरच्या नव्या जादू. पास (गठ्ठ्याचा खालचा भाग गुपचूप वर आणणं) किंवा क्लासिक फोर्स (पसरलेल्या पत्त्यांतून आपल्याला हवा तोच पत्ता समोरच्याला घ्यायला लावणं) यांसारखे अवघड प्रकार बरेच पुढे येतात. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात घरच्यांना दाखवण्यासारखं काहीतरी हाती लागतं आणि तरीही पाया सुटत नाही.

फुकट मिळतं म्हणून बरेच जण एस. डब्ल्यू. अर्डनेझ या टोपणनावाने 1902 साली आलेलं ‘द एक्सपर्ट ॲट द कार्ड टेबल’ उतरवून घेतात. लेखक नेमका कोण होता यावर अजून एकमत नाही. ग्रंथ थोर आहे यात शंका नाही. पत्त्यांच्या जादूतला नामवंत जादूगार डाय व्हर्नन तर लहानपणापासून त्याच्यावर वाढला. पण त्याचा पहिला मोठा भाग जुगाराच्या टेबलावरच्या हातचलाखीचा आहे, इंग्रजी जुनं आणि दाट आहे, आणि शंभरावर रेखाचित्रं असूनही नवशिक्याला त्यात वाट सापडत नाही. तो दोन वर्षांनी वाचा. पहिलं पुस्तक पचल्यावर पुढची पायरी म्हणून रोबेर्टो जोबींचे ‘कार्ड कॉलेज’चे पाच खंड उत्तम. मूळ जर्मन, इंग्रजीत भाषांतरित, आणि बोट कुठे टेकायचं इथपर्यंत बारकाईने लिहिलेले.

इंग्रजीची धास्ती अनेकांना वाटते. माझा अनुभव असा की ती पहिली काही पानंच वाटते. शब्द मोजकेच असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात. मराठी माध्यमातून आलेल्यांना मी एक वही करायला सांगतो. प्रत्येक कृती स्वतःच्या मराठीत लिहून काढायची: उजव्या हाताची मधली तीन बोटं पुढच्या कडेवर, अंगठा मागच्या कडेवर, डाव्या करंगळीने वरच्या दोन पत्त्यांखाली बारीक फट धरायची. लिहिताना कळतं की नेमकं कुठलं बोट काय करतंय हे आपल्याला कळलेलंच नव्हतं. आणि हाच पुस्तकाचा मोठा गुण. त्यातलं वाक्य हातात कॅट घेतल्याशिवाय समजतच नाही. व्हिडिओ मात्र पलंगावर लोळून बघितला तरी ‘समजलं’ असं वाटतं, आणि त्या वाटण्यातच बरेच जण थांबतात.

डबल लिफ्टचं उदाहरण घ्या, कारण सगळ्यांना तीच आधी हवी असते. दोन पत्ते एकच असल्यासारखे उलटायचे, एवढीच गोष्ट. व्हिडिओत दिसणारी डबल लिफ्ट त्या माणसाच्या झोकातली असते. तो मनगटाला झटका देत पत्ता उलटतो, म्हणून शिकणाराही झटका देतो. पण पुढे एकच पत्ता उलटायची वेळ येते तेव्हा त्याचा हात वेगळा चालतो. झटका फक्त ‘त्या’ वेळी आला की समोरच्याला कळतं, इथे काहीतरी झालं. म्हणून आधी एक पत्ता आपण आपसूक कसा उलटतो ते नीट बघायचं. वीसदा, पन्नासदा, बोलता बोलता. मग दोन पत्ते अगदी तसेच उलटायचे. प्रत्येकाच्या हाताची ठेवण वेगळी, म्हणून प्रत्येकाची डबल लिफ्ट थोडी वेगळीच व्हायला हवी. पुस्तकात फक्त दोन-चार स्थिर चित्रं असतात, मधली हालचाल आपल्याला शोधावी लागते. हा त्रास वाटतो, पण त्या शोधण्यातूनच हात आपला होतो.

बोलण्याचंही तेच. व्हिडिओतून शिकलेला मुलगा जादूबरोबर त्या जादूगाराचं बोलणंही उचलतो. रंकाळ्याच्या कट्ट्यावर, समोर आपलेच मित्र असताना, हा अचानक अमेरिकन थाटात इंग्रजी बोलायला लागतो. मित्र जादू बघायची सोडून याच्याकडेच बघत राहतात. “ह्यातला कुठलाबी एक काढ भावा, मला दावू नको” असं म्हटलं की हात पुढे येतो, माणूस सैल होतो, आणि सैल झालेल्या माणसाला जादूचा आनंद होतो. आपलं बोलणं आपणच लिहा. प्रत्येक जादूला चार वाक्यं पुरतात.

आता व्हिडिओकडे येतो. लय कागदावर येत नाही. रिफल शफलमध्ये दोन गठ्ठे एकमेकांत गुंफून कमान करून खाली सोडायचे असतात. तो दाब किती, हे दहा पानं वाचून कळणार नाही, अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कळतं. चूक कुठे होतेय हे सापडत नसेल तेव्हाही व्हिडिओ उपयोगी पडतो. म्हणून आधी वाचायचं, हाताने करून बघायचं, अडायचं, आणि मग त्याच एका हाताचा व्हिडिओ शोधायचा. अर्ध्या किंवा पाव वेगाने, कॅट हातात घेऊन. समोरून घेतलेल्या चित्रीकरणात त्याचा उजवा हात आपल्याला डावीकडे दिसतो आणि गोंधळ उडतो, म्हणून शिकवणाऱ्याच्या खांद्यावरून घेतलेलं चित्रीकरण मिळालं तर तेच बघा. काम झालं की मोबाईल बाजूला. फक्त गुपित फोडणारे व्हिडिओ आणि खरं शिकवणारे व्हिडिओ यांत फरक ओळखायचा तर एवढंच बघा: तो माणूस पकड, नजर आणि कुठल्या बाजूने काय दिसतं यावर बोलतो का?

कुठून काय दिसतं, हा आपल्याकडे फार मोठा प्रश्न आहे. कॅमेऱ्याला एकच डोळा, तोही समोर. आपण मात्र सतरंजीवर गोल करून बसतो. गणपतीत मांडवामागे जागरण करताना एखादा खांद्यावर हनुवटी ठेवून बघत असतो, लहान पोरं पाठीमागे उभी. पडद्यावर बघून थक्क व्हावं असे कितीतरी प्रकार तिथे पहिल्या मिनिटाला उघडे पडतात. नवशिक्याने अशाच जादू निवडाव्यात ज्या चहूबाजूंनी चालतात. की कार्डवरच्या जादू घ्या: एका ओळखीच्या पत्त्याशेजारी निवडलेला पत्ता येतो आणि शोधणं सोपं होतं. हातात लपवायचं काहीच नसतं.

आपल्याला एक गोष्ट फुकट मिळालेली आहे, तिचा फायदा घ्या. आपल्याकडच्या घरांत रमी, झब्बू, मेंढीकोट खेळताना पत्ते ज्या पद्धतीने पिसतात, वरचे वरचे छोटे गठ्ठे दुसऱ्या हातात ओढून घेत, तिलाच जादूच्या पुस्तकांत ‘हिंदू शफल’ म्हणतात. ‘रॉयल रोड’मध्ये तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाश्चात्त्य वाचकाला ती शिकावी लागते. आपल्या हातात ती लहानपणापासून असते. त्यात तळाचा पत्ता शेवटपर्यंत एकाच हातात राहतो, आणि त्या एवढ्याशा गोष्टीवर हवा तोच पत्ता समोरच्याच्या पदरात घालता येतो. ते प्रकरण मी पहिल्याच महिन्यात वाचायला सांगतो, क्रम मोडून. एवढा एकच अपवाद.

कॅट कागदी पत्त्यांचा घ्या, पूर्ण प्लॅस्टिकचा नको, कारण तो घसरतो. पाठीवर पांढरी किनार असलेला बरा. त्या किनारीमुळे मध्ये उलटा ठेवलेला पत्ता पसरताना चटकन दिसत नाही. आपल्या पावसाळ्यात पत्ते ओल धरतात आणि एकमेकांना चिकटतात, तेव्हा वापर झाला की डबीत, डबी कोरड्या जागी. महागाचा कॅट लगेच घेऊ नका. सरावाला साधा, दाखवायला चांगला.

घरात पत्ते म्हटलं की जुगार आठवतो. “काय करालाईस त्या पत्त्यांचं दिवसभर?” असं आजीने विचारलं तर वाद घालू नका. तिच्यासमोर बसा, बदामची राणी तिलाच काढू द्या आणि तिलाच सापडू द्या. घरची माणसं हीच पहिले प्रेक्षक, आणि तीच सर्वांत बारीक नजरेची.

सराव आरशासमोर करतात, पण आरशात एक खोड लागते: चलाखीच्या क्षणी आपलेच डोळे मिटतात, त्यामुळे ती आपल्याला दिसतच नाही. मोबाईलवर स्वतःचं चित्रीकरण करा, आवाज बंद करून बघा. हात कुठे थबकतो, नजर कुठे पळते, सगळं दिसतं. नवशिक्याला मोबाईलचा याहून मोठा उपयोग मला माहीत नाही.

आणि लोकांसमोर जाण्याआधी एक तयारी ठेवा. “परत दाखव की” हे येणारच. तीच जादू तशीच पुन्हा करायची नाही. शेवट सारखाच दिसेल पण रस्ता वेगळा असेल अशी दुसरी जादू हाताशी असू द्या. पहिल्यांदा की कार्डने पत्ता शोधलात, तर दुसऱ्यांदा हिंदू शफलने आपल्याला हवा तोच पत्ता त्याला घ्यायला लावा. पहिल्या वेळी त्याने जिथे संशय धरला असेल, तिथे दुसऱ्या वेळी काहीच घडत नाही. तिसऱ्यांदा विचारलं तर कॅट त्याच्या हातात द्या आणि म्हणा, “आता तू पिस.”