टॅबवर मुलांकडून व्हिडिओ करून घेताना
टॅब वाटायच्या आधी कागद वाटा, खरंच. चौघांचा गट, एक टॅब, आणि सहा चौकोनांत चित्रं काढून ठरवू दे कुठल्या शॉटमध्ये काय दिसणार नि कोण बोलणार. बी रुजण्याचा धडा असेल तर स्टॉप मोशन, म्हणजे एकेक फोटो जोडून केलेला व्हिडिओ, भारी जमतं, टॅब पुस्तकांना टेकवून रोज त्याच जागेवरून फोटो घ्यायचे, सेकंदाला 5 फोटो धरले तर 10 सेकंदांना किती लागतील हे मुलांनाच काढायला लावा, गुणाकारही होतो. आवाज मात्र हमखास बिघडतो, म्हणून पंखा बंद आणि टॅब बोलणाऱ्याच्या जवळ. कॅमेरा आळीपाळीने द्या, नाहीतर लाजरी मुलं मागेच राहतात, मला ते फार लागतं. बाहेर शेअर करायचं असेल तर आधी पालकांची परवानगी.